बारा शेतांचं एक शेत

कुआंग शीलिन अर्थशास्त्राची प्राध्यापकी सोडून आमच्या जिल्ह्याचे उपप्रमुख झाले. आकडे खरे लिहिले तर कुणी उपाशी मरणार नाही, अशी त्या भल्या माणसाची श्रद्धा होती. अठ्ठावन्न सालच्या शरदात वरून हुकूम आला, म्हणून आम्ही बारा शेतांतलं पिकलेलं भात मुळासकट उपटून पाहुण्यांना दाखवायला एकाच शेतात दाटीने रोवलं.

कम्युनिस्ट पक्षाचा चिटणीस लुओ म्हणाला, "बघा गुरुजी, वर अंडं ठेवलं तरी खाली पडत नाही! एका शेताचं एवढं पीक! करा सही."

"अरे, हे रोवलेलं आहे. या आकड्यावर सरकार धान्य नेईल. मग गाव काय खाईल?"

"पुरे झाली मास्तरकी! तुमची सही नसली तरी अडत नाही. आकडा कालच पेपरात छापून आलाय."

लुओ गेल्यावर कुआंग गुरुजींनी माझा हात धरला. "मावशी, निदान बियाणं तरी आज लपवा हो."

मी रिकाम्या कोठाराकडे बोट दाखवलं.

"तेही परवाच सरकारच्या माणसांनी नेलं, गुरुजी. पोतीसुद्धा ठेवली नाहीत."

त्यांनी माझा हात सोडलाच नाही.