लेकीच्या गावचा देव

"मटिल्डाबाय, तुमच्या या देवाला नारळ चालतो ना?" काशिनाथने कुंपणापलीकडे हाक दिली.

"अहो भाऊ, देव नाही, संत आहे तो. आणि आमच्या भुईगावात त्याला ओळखतं कोण? तुम्हीच शोधून काढलात!" शेजारीण मटिल्डा हसली.

ते काही खोटे नव्हते. दोन वर्षांपूर्वी कृतिका नोकरीसाठी फ्रान्सला, सँ-नाझेर नावाच्या गावी गेली. 'सँ' म्हणजे संत, हे मटिल्डाकडून कळताच काशिनाथने ठरवून टाकले, गाव ज्याच्या नावाचे तोच तिथला ग्रामदेव. परक्या गावी लेक ठेवायची तर आधी त्याच्या कानावर घालायला हवे. मटिल्डाने मोबाइलवरून संताचे चित्र छापून आणले. ते देव्हाऱ्यात गणपतीशेजारी बसले. वाडीतला पहिला सोनचाफा रोज त्यालाच. "पोरीला सांभाळ रे बाबा," एवढेच मागणे, पण ते तासभर चाले. बायको मंदा वारल्यापासून घरात बोलायला दुसरे होते तरी कोण?

आज अठ्ठावीस जुलै, त्या संताचा सण. जेवण उरकताच त्याने कृतिकाला फोन लावला. एरवी रविवारी तिचा यायचा, दोन मिनिटांचा.

"आज तुमच्या गावची जत्रा ना गं? चर्चमध्ये जाऊन ये."

"कुठली जत्रा, बाबा?"

"सँ-नाझेरची."

ती म्हणाली, "अहो, मी मार्चमध्येच लिऑनला शिफ्ट झाले. सांगायचं राहूनच गेलं. आता मीटिंग आहे, नंतर बोलू?"

"लिऑनचा देव कोणता?" त्याने विचारले, पण फोन बंद झाला होता.

काशिनाथला फार लागले. लेकीने गाव बदलले आणि बाप चार महिने भलत्याच दारात तिच्यासाठी हात जोडत राहिला. पण सणाचा नारळ तसाच ठेवणेही बरे दिसेना. त्याने तो चित्रापुढे वाढवला आणि एक भकल घेऊन मटिल्डाकडे गेला.

"काय म्हणते कृतिका? गेली का सणाला?"

"गेली ना. खूप गर्दी आहे म्हणे."

घरी येऊन तो देव्हाऱ्यासमोर बसला. सकाळचा सोनचाफा कोमेजला होता, तो त्याने बाजूला केला. मग हळूच विचारले, "निघताना तुला तरी सांगून गेली का रे?"