ऐंशी मीटरची रेघ

श्रीनिवासच्या उशाशी बसून रणजित मोठ्यानं पत्र वाचत होता. कंपनीला पाठवायचं हे चौथं. 'आपल्या सायकल कॉम्प्युटरनं माझ्या थोरल्या भावाला नसलेल्या पुलावरून नेलं,' अशी त्याची सुरुवात होती. तेजस्विनी दाराशी सोनूला खांद्यावर घेऊन थोपटत उभी होती. आठ महिन्यांची लेक केव्हाच झोपली होती, थोपटणं काही थांबत नव्हतं.

कंपनीचं पहिलं धड उत्तर त्याच दिवशी आलं होतं. नकाशा आमचा नाही, असं त्यांचं म्हणणं. एक लोकांचा फुकट नकाशा असतो, कुणीही घरबसल्या त्यात रस्ते भरतं, तोच आम्ही घेतो. हा तुकडा कुणी भरला ते शोधून आठवड्याभरात नाव कळवतो.

"कळू दे नाव," रणजित म्हणाला. "घरी जाऊन पाया पडतो त्याच्या."

श्रीनिवास हसायला गेला आणि कमरेत कळ आली तसा थांबला. तेजस्विनी सोनूला पाळण्यात ठेवायच्या निमित्तानं आत गेली. तिला नाव ठाऊक होतं. त्या नकाशावर तिनं स्वतःचं खातं उघडलं तेव्हा नाव टाकलं होतं, 'सोनूची आई'.

कोथरूडहून हिंजवडीला श्रीनिवास सायकलनं जायचा. ऑफिसच्या बसमध्ये दीड तास घाम गाळण्यापेक्षा हे बरं, म्हणायचा. हँडलवरचं ते काडेपेटीपेक्षा जरा मोठं यंत्र त्यानं हौसेनं घेतलं आणि तेव्हापासून घरात रोज त्याचीच गाऱ्हाणी. चढावर ऐन वेळी पडदा गोठायचा. सरळ रस्त्यावर 'यू-टर्न घ्या' म्हणून कोकलायचं. घरी आल्यावर फोनशी जोडायला जावं, तर अर्धा तास नुसतं गोल गोल फिरत राहायचं. तो वैतागून म्हणायचा, आपल्या घरात दोन बाळं आहेत, पैकी एकच रात्रीचं झोपतं. पण सगळ्यात वाईट हे, की कितीही सांगा, ते त्याला फिरवून हायवेलाच नेऊन घालायचं. कंटेनरच्या चाकांशेजारून जावं लागायचं. एकदा एका डंपरनं त्याची बाही घासली. त्यानं ते जेवताना सहज सांगितलं. तेजस्विनीनं उठून तो शर्ट दिव्याखाली धरून पाहिला.

बाळंतपणाची रजा चालू होती. सोनू दूध पिता पिता झोपायची आणि मांडीवरून काढली की उठायची. मग तेजस्विनी तिला तशीच मांडीवर ठेवून, डाव्या हाताला मुंग्या येईस्तोवर, उजव्या हातानं लॅपटॉपवर आकाशातून घेतलेले फोटो बघत बसायची. सूस गावाच्या पलीकडे तिला एक रस्ता दिसला. नवा, रुंद, रिकामा. मध्ये ओढा होता, आणि ओढ्यावर ऐंशी मीटर काहीच नव्हतं. खांब मात्र उभे होते, अलीकडची स्लॅबसुद्धा घालून झाली होती. दसऱ्यापर्यंत पूल होणार असं तिनं कुठंसं वाचलं होतं.

तिनं रेघ ओढली. रस्त्याची अवस्था काय, असं नकाशानं विचारलं. 'बांधकाम चालू' लिहिलं असतं तर यंत्रानं तो रस्ता धरलाच नसता, आणि पूल झाल्यावर पुन्हा येऊन बदलावं लागलं असतं. तेव्हा पुन्हा लॅपटॉप उघडायला सवड कुठली मिळायची? दसरा महिन्यावर तर आलाय. तिनं 'खुला' निवडलं आणि सोनू हलली म्हणून घाईनं झाकण मिटलं. श्रीनिवासला सांगायचं राहिलं. नंतर रजा संपली, सोनूला ताप आला, दसरा गेला. ती रेघ विसरली.

डिसेंबरात एका रविवारी श्रीनिवासनं यंत्राचा नकाशा नवा करायला घेतला. सत्त्याण्णव टक्क्यांवर ते तीनदा अडकलं. चौथ्यांदा झालं, तेव्हा त्यानं कौतुकानं तिला दाखवलंही, बघ, शेवटी अक्कल आली, हायवे टाळून नेतंय. ती पोळ्या लाटत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला अंधार होता, धुकं होतं. यंत्राचा बाण सरळ होता. स्लॅब संपली तिथून पंधरा फूट खाली, ओढ्यातल्या दगडांवर श्रीनिवास पाठीवर पडला. पलीकडच्या वस्तीतल्या इंदुबाई म्हशींना पाणी दाखवायला आल्या, तेव्हा त्यांना हाक ऐकू गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाट बघू. अजून त्याच्या पायाच्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. सासूबाई रोज सकाळी तेल चोळायच्या आणि रोज विचारायच्या, कळतंय का रे? तो म्हणायचा, थोडंसं. खोटं बोलायचा.

रणजित घरी गेला. सासूबाई भाजी आणायला उतरल्या. तेजस्विनी पलंगाच्या कडेला बसली. मनात तिनं बरीच वाक्यं जुळवली होती, तोंडातून एकच आलं.

"श्री, ती रेघ मी काढलीय."

त्याला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. डंपर, मांडीवरची सोनू, ओढा, 'खुला'. तो छताकडे बघत ऐकत होता. तिला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्यासाठी काढलीस," तो म्हणाला.

"हो."

"मग पुसलीस कधी?"

ती त्याच्या पायांवरची चादर सारखी करू लागली.

"तेजू, पुसलीस ना?"

पुसली नव्हती. हॉस्पिटलमध्ये पहिल्याच रात्री तिनं फोनवर नकाशा उघडला होता. पण पुसलं की कुणी पुसलं तेही तिथं कायमचं दिसणार होतं. काढली कुणी, पुसली कुणी, कधी. लोक बोट ठेवून विचारतील. म्हणून आज नको, उद्या, असं करत ती फोन मिटत राहिली.

"किती दिवस झाले आज?"

"एकोणीस."

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. "रोज सकाळी त्या रस्त्यानं निदान दहा जण जात असतील. तू चुकलीस ते मी समजू शकतो गं. चुकून झालं. पण हे एकोणीस दिवस चुकून नाही झाले."

त्यानं मान भिंतीकडे वळवली. तेवढंच त्याला वळवता येत होतं.

तिनं तिथंच बसून रेघ पुसली. कारण लिहा, असं नकाशानं विचारलं. 'इथं पूल नाही,' तिनं लिहिलं. पण ज्यांनी आपापल्या यंत्रात नकाशा आधीच उतरवून घेतला होता, त्यांच्या हँडलवरून ती रेघ जाणार नव्हती. ते नकाशा पुन्हा कधी नवा करतील, त्यावर होतं. चार महिने, सहा महिने. हे त्यालाही ठाऊक होतं. जेवणाच्या वेळी भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "सकाळी जाऊन काहीतरी आडवं टाक तिथं."

सोनूला सासूबाईंजवळ झोपवून ती पहाटे पाचला स्कूटरवर निघाली. सोबत कपडे वाळत घालायची दोरी होती आणि जुनी लाल ओढणी. स्लॅबच्या टोकाआधी बाभळीच्या काटेरी फांद्या पडलेल्या होत्या, पण रस्त्याच्या कडेला, बाजूला सारलेल्या. इंदुबाई दुधाची कासंडी घेऊन उभ्याच होत्या. तेजस्विनीनं आपण कोण ते सांगितलं.

"मी रोज सांजच्याला आडव्या टाकते बाई," त्या म्हणाल्या. "तुमचं मालक पडल्यापासनं. आन सायकलवाली उचलून कडंला ठिवत्यात. पुढं जाऊन बघत्यात, मग माघारी. मशिनीत रस्ता हाय म्हणत्यात. एखाद्या दिशी धुकं आसंल, मंग?"

दोघींनी मिळून फांद्या ओढल्या. दोरी दोन्ही कठड्यांना पुरली नाही, हातभर कमी पडली, तिथं ओढणी जोडली. एवढ्यात मागून दिवा आला. हेल्मेटवाला चाळिशीचा माणूस थांबला, खाली उतरला, आणि तिच्यादेखत फांद्यांना हात घालू लागला.

"पुढं रस्ता नाहीये," ती म्हणाली.

"यात तर दाखवतोय." त्यानं हँडलकडे बोट केलं.

"तो मी काढलाय."

त्यानं तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "वा. पूलही काढून ठेवायचा होतात मग," म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला.

सहा चाळीस झाले होते. दूध दाटून तिची छाती दुखायला लागली होती. सोनू एव्हाना उठली असेल, रडत असेल.

"जावा तुमी, लेकरू हाय घरी," इंदुबाई म्हणाल्या. "सातपत्तुर मी हाय. म्होरं मला म्हशी सोडायच्यात."

"आणि सातनंतर?"

इंदुबाईंनी कासंडी उचलली. सूसच्या उतारावर आणखी दोन दिवे दिसले, एकामागे एक, सरळ इकडेच येणारे. तेजस्विनी दोरीच्या पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.