काळ्या धुराचा बाबा

रेवदंड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, दर शनिवारी ट्रकांची रांग लागायची. नारळ काय, हार काय, अगरबत्त्या काय! एखाद्या लग्नाची वरात वाटावी. दम टाकलेली जुनी गाडी घेऊन जायची, तिथल्या दमदारबाबाने बॉनेटवर हात ठेवायचा आणि गाडीने भरल्या लोडने कार्लेखिंड वाऱ्यासारखी चढायची. आता गंमत अशी, की गाड्या खरंच चढत होत्या. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाबाचा थाट ठरलेला. बॉनेट उघडायचं, वरून लाल पडदा टाकायचा आणि अंगारा घेऊन चेला आत शिरायचा. बाबा बाहेर उभा राहून सुरू व्हायचा, "नजर लगी है बेटा. भावकीतली नजर हाय. आत शक्ती भरतेय. पडद्याआड बघू नका, जो बघेल त्याची गाडी जाग्यावर बंद पडेल." मग इंजिन सुरू. रेस दिली की काळाकुट्ट धूर. "बघा, पीडा चालली." ड्रायव्हरांना ते लगेच पटायचं. गाडीने काळा धूर ओकला म्हणजे गाडी जोरात आहे, हे आपल्याकडे शेंबड्या पोराचंही मत.

या रांगेत आपला जुना ट्रक घेऊन रत्नपालही उभा राहिला होता. त्याचे वडील रामजी बावीस प्रतिज्ञा पाळत म्हातारे झाले. त्यांच्या घरात गेल्या दोन पिढ्यांत देवापुढे नारळ फुटला नव्हता. तो बाबापुढे फोडून रत्नपाल घरी आला आणि ग्रीसिंगला गेलो होतो असं खुशाल सांगितलं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने सदालाही गळ घातली. "चल रे, माझी बघ कशी पळते."

सदा त्याचा जुना जोडीदार, खडीच्या भरल्या खेपा मारणारा. बाबाकडे जाऊन आल्यावर आठवडाभरात कार्लेखिंडीच्या चढावर त्याच्या इंजिनाने पेट घेतला. विझवायला म्हणून सदाने बॉनेट उघडलं आणि दोन्ही हात भाजून घेतले.

"श्रद्धा कच्ची होती त्याची," बाबा म्हणाला. आणि हेच वाक्य रत्नपालने अलिबागच्या दवाखान्यात सदाच्या बायकोला ऐकवलं. "तुळसावैनी, सदाने मनापासून नारळ दिला नसेल."

तुळसा नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भावजी, त्यांना तिथं नेलं कुणी?"

रत्नपालला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन ताटावरून उठला आणि शेवटी लेकीला सगळं सांगून बसला. रुचिता आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवते. तिने त्याच्या ट्रकचं बॉनेट उघडलं.

"हे बघा पप्पा. डिझेल पंपाचं कंपनीचं सील तोडलंय. आतला स्क्रू फिरवलाय, म्हणून जास्त डिझेल जातंय."

"मग जोर वाढला तो?"

"थोडा वाढतोच. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. जेवढी हवा, तेवढंच डिझेल नीट जळतं. चुलीत लाकडं कोंबली आणि वारा तेवढाच ठेवला, तर काय होतं?"

"धूर."

"तीच ती पीडा. आणि आतली उष्णता वाढतच जाते. लांब चढावर टर्बो लालबुंद होतो, पिस्टन वितळतात. तिथे तेलाचा पाइप फुटला की आग. तुमच्या खेपा हलक्या, म्हणून अजून वाचलात."

तिने स्क्रू पूर्ववत केला आणि त्याच्यावरून नटापर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. शनिवारी बापलेक गाडी घेऊन रांगेत उभे राहिले. पडदा पडला, चेला आत गेला, बाबा "नजर लगी है" म्हणतोय तोच रुचिताने पडदा ओढून टाकला. चेल्याच्या एका हातात अंगाऱ्याची पुडी, दुसऱ्यात पाना. स्क्रू फिरला होता, लाल रेघेचे दोन तुकडे झालेले. तिने लोकांना जवळ बोलावून स्क्रू दाखवला, डिझेल आणि हवेचा हिशेब समजावला.

बाबा पक्का मुरलेला. तो हसून म्हणाला, "यांच्यात देव मानत न्हायत. ही असंच बोलणार."

"व्हय, ते बी खरं," गुणाजी ड्रायव्हर पुटपुटला आणि रांगेतल्या माना डोलल्या. रुचिताचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यापुढे फुकट जायची वेळ आली.

तेव्हा रत्नपाल पुढे झाला. खाली मान घालूनच बोलला.

"मी मानला याला. बापाशी खोटं बोलून नारळ फोडला. सदाला मीच आणला. त्याचे हात भाजले आन् वर मी त्याचीच श्रद्धा काढली. मला लाज वाटते. तुम्ही माझं ऐकू नका, पोरीचंही ऐकू नका. आपापली बॉनेटं उघडा आन् सील बघा. जिथं माणूस बघू नका म्हणतो, तिथं पहिलं बघायचं. एवढं मी केलं असतं तर सदा आज घरी असता."

गुणाजीने बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि तुटलेल्या सीलवर बोट ठेवलं. मग दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे सील तुटलेलं. बाबा गर्दीतून सटकायला लागला, तसा त्याला चौघांनी धरला आणि पोलिसांना फोन लावला.

"बाय गो, माझाबी स्क्रू नीट कर," गुणाजी म्हणाला. रुचिताने बाह्या सारल्या.

गाडी तिच्याकडे सोडून रत्नपाल रिक्षा शोधायला लागला.

"कुठे निघालात, पप्पा?"

"अलिबागला. इथं परक्यांसमोर बोलणं सोपं होतं. तुळसावैनीला अजून सांगायचंय."