बर्फाकडे कोण जाणार

आल्प्सच्या पायथ्याशी नोकरी करणाऱ्या शीतलने आईसाठी बर्फाची सहल ठरवली. साधनाची ही एकुलती एक लेक, आणि कोरोनाने वाटा अडवल्यापासून मायलेकींची भेट नव्हती. आता दोन डोस घेतलेल्यांना तो देश येऊ देत होता. शीतलने हौसेने बाबांना, आजोबांना आणि काकालाही बोलावलं. गावी बदनापुरात मात्र ही सहल आजोबांची, म्हणजे काकासाहेबांची म्हणूनच गाजली. म्हातारा पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरणार, याचं गावाला कोण कौतुक! ते तर आतापासूनच काळा चष्मा लावून स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसू लागले.

घोडं अडलं ते लशीवर. उन्हाळ्यात लशीची मारामार होती, तेव्हा बायांची रांग आखूड म्हणून शीतलच्या बापाने, भारतने, पहाटेच साधनाला दवाखान्यासमोर उभं केलं होतं. तिला तीन टोकन मिळाली. एक सासऱ्याला, एक नवऱ्याला. "वहिनी, तुम्हाला कुठं बाहेर जायचंय?" म्हणत तिसरं दीर भुजंगने घेतलं, आणि तिने ते मुकाट्याने दिलं. बाईने मागे राहायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं की आपण काही दिलं असंही तिला वाटलं नाही. पुढे तिच्या वाट्याला आली ती दुसऱ्याच कंपनीची लस. त्या देशाने मान्य केलेल्या लशींच्या यादीत नेमकं त्याच लशीचं नाव नव्हतं.

"आता काय करता?" भारत म्हणाला. "शीतलनं आमची तिकिटं काढलीत. आम्ही जाऊन येतो, तू मंग जा कधी तरी. पोरीला काय द्यायचं ते बांधून दे फक्त."

साधनाचं डोकं भणाणलं. ज्यांनी पोरीला कधी आपणहून फोन केला नाही, ते तिला भेटणार, आणि हिने चिवड्याचे डबे भरायचे. रांगेत उभी कोण राहिली होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी शीतलचा फोन आला. तो भुजंगने सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आई, तूच येत न्हाईस तर काय उपयोग? मी रद्द करू का सगळं?" आई नेहमीसारखी नको म्हणेल, असं धरूनच ती बोलली होती. काकासाहेबही चष्मा पुसत निवांत बसले होते.

"कर रद्द," साधना म्हणाली.

"येडी झालीस का?" भारत ओरडला.

 पलीकडून शीतलचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे घरचं कुणीच येणार न्हाई मला भेटायला?"

पोरगी तिकडे एकटी होती, आणि तिला बाप, आजोबा, काका, कुणीही चाललं असतं. अजूनही शब्द मागे घेता आला असता. तिघेही त्याचीच वाट पाहत होते.

"न्हाई येणार कुणीच," साधना म्हणाली.