अर्धी गोळी

मुंगीच्या पायाएवढी अक्षरं — गोळ्यांची पट्टी तिनं उलटी केली, सुलटी, पुन्हा उलटी... लहान मुलांपासून दूर ठेवा, गरोदर बाईनं घेऊ नये, सगळं आहे. कुत्र्याचा शब्द नाही. चोर आहात तुम्ही, गोळ्या विकणारे लोक. दुखणं पळवतो म्हणून भिंतीच्या भिंती रंगवता, आणि मरण छापायला तुम्हाला जागा पुरत नाही. लाँड्रीत इस्त्र्या करून तिचं मनगट कामातून गेलं होतं. ती हीच गोळी घ्यायची, की थोड्या वेळात हात मोकळा... मग म्हाताऱ्याला का नको?

म्हातारा म्हणजे तिचा कुत्रा. मागचा पाय ओढत घरभर फिरायचा — खर्र, टक... खर्र, टक — आणि तो आवाज तिच्या दातांत शिरायचा. जीव एवढासा, म्हणून अर्धीच. कात्रीनं कापून, ब्रेडच्या तुकड्यात दाबून, स्वतःच्या हातानं. सकाळी आवाज बंद. नवरा म्हणाला, "तुझा म्हातारा बघ, नवरदेवासारखा चालतोय. मलाही दे की एक." तीही हसली होती... आणि मग रोज अर्धी.

पण वळून बघावं तर तो पाठीशी उभा — कधी आला, कळायचंच नाही. बादलीत तोंड घालून पाणी पीतच राहायचा. मग कोपऱ्यात भिंतीला डोकं टेकून, जणू पलीकडून कुणी बोलतंय आणि हा ऐकतोय... आज डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, आणि आता इथं, जनावरांच्या दवाखान्यात, पत्र्याच्या टेबलावर, पायात सलाईन.

"माणसाची गोळी यांना सोसत नाही, ताई. अर्धी काय नि चिमूटभर काय," डॉक्टरीण म्हणाली. "पोटात जखमा झाल्यात, मूत्रपिंडंही चाललीत. वाचेल असं आत्ता नाही सांगू शकत. विचारायचं तरी होतं एकदा."

"लंगडणं थांबलं होतं हो."

"लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला का?"

तो कधी कण्हला नव्हता... एकदाही नाही. तो आवाज तिलाच सहन होत नव्हता. म्हणजे कुणाच्या दुखण्यावरचं औषध कुणाच्या पोटात...

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. तिनं हात पुढे केला, तशी त्याची कोरडी जीभ तळहातावर फिरली, बोटांच्या बेचक्यांत शिरली, हळूहळू, काहीतरी शोधत — हात मागे घ्यावासा वाटला, घेता येईना. तो हात आपला आहे, असंही वाटेना.

"डॉक्टर, हा मला चाटतोय, की गोळी मागतोय?"

डॉक्टरीण सलाईनची नळी निरखत राहिली.

"तुम्हालाच विचारतेय. सांगा."