बिरनाळे उठत नाहीत

प्रमोद बिरनाळे मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी हप्ता घ्यायला आले, मालन कोष्टीच्या घरात लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, आणि तेव्हापासून उठले नाहीत. संक्रांत झाली, शिमगा झाला, गुढी उभारून झाली, उतरून झाली. बिरनाळे बसलेलेच.

'हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही,' असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. सगळेच वसुलीवाले तसं म्हणतात, तो नोकरीचा भाग असतो, आणि दिवेलागण झाली की आपापल्या घरी जातात. बिरनाळे सरळ माणूस. बोलले तसे वागले. रात्री मालनची सासू हौसाबाई हिनं ताट वाढलं, ते जेवले, बसल्या जागी झोपले, आणि सकाळी उठले नाहीत म्हणजे खरोखरच उठले नाहीत. नुसते जागे झाले.

बाकीच्या विधींचं काय, असं गल्लीतल्या चौकस लोकांनी आडून आडून विचारलं. फिरतीच्या नोकरीत ती सवय आपण केव्हाच मोडली, असं बिरनाळेंनी सांगितलं आणि विषय तिथंच मिटला.

पाडव्याच्या सुमारास मालन केर काढायला लागली तर खुर्ची सरकेना. तिनं वाकून पाहिलं. खुर्चीचे चारही पाय फरशीत उतरले होते, तेही अगदी नीट, गवंड्यानं कडा भरून घेतल्यासारखे.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग पाय वर घ्या. पुसून घेते."

बिरनाळेंनी पाय वर घेतले. तसा त्यांचा घरात उपद्रव काहीच नव्हता. मालन साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, आणि आंबा रंगाच्या साडीला लिंबू रंगाचा फॉल शोभत नाही हे तिच्याआधी बिरनाळेंना दिसायचं. ते लसूण सोलायचे, सुईत दोरा ओवून द्यायचे, गिऱ्हाइकाला 'बुधवारी या' म्हणायचे. रोज संध्याकाळी न चुकता विचारायचे, "ताई, हप्ता?" मालन म्हणायची, "न्हाई." ते म्हणायचे, "बरं," आणि फोनवर कंपनीला कळवायचे की वसुली चालू आहे. कंपनी त्यांचा पगार वेळेवर धाडत होती.

हप्ता देणार कुठून? नवरा वारल्यावर मालननं पिकोची मशीन कर्ज काढून घेतली. मग हौसाबाईच्या हर्नियाला दुसरं कर्ज काढलं. तिसऱ्या कर्जाचा जन्मच पहिल्या दोघांना जेवू घालायला झाला होता. त्यात बाजारपेठेतले दुकानदार फॉल लावूनच साड्या विकायला लागले, आणि मालनची मशीन निम्मा दिवस नुसती झाकून राहू लागली.

तेव्हा कर्जमुक्ती कक्षाची बातमी गल्लीत आली. ज्याची कमाई कमी त्यानं अर्ज करायचा. सगळ्या घराचं उत्पन्न मर्यादेच्या खाली निघालं की अर्जावर शिक्का बसणार आणि कर्ज रद्द होणार, कंपनीनं मग मशीनला बोट लावायचं नाही. शिक्का नाही बसला तर सोमवारी टेम्पो येऊन मशीन घेऊन जाणार. टेम्पो बिरनाळेंनीच फोन करून ठरवला होता, कारण ते त्यांचं काम होतं. अर्जही बिरनाळेंनीच भरला, कारण गल्लीत त्यांच्याइतकं चांगलं अक्षर कुणाचं नव्हतं.

"ह्यात आमच्या कंपनीविरुद्ध बरंच लिहावं लागतंय," ते म्हणाले.

"खोटं हाय का?"

"खोटं नाही."

"मग लिवा की."

त्यांनी लिहिलं. मुद्देसूद लिहिलं. दोन ठिकाणी तर मालनला जे सुचलं नसतं तेही घातलं.

सुनावणीचं बोलावणं आलं ते शुक्रवारचं. रेशनकार्डावरच्या सर्व माणसांनी जातीनं हजर राहावं, असं त्यात होतं. मालननं कार्ड काढलं आणि कपाळाला हात लावला. कार्डावर तिसरं नाव होतं: प्रमोद बिरनाळे.

"आत्ती, हे कुणी घातलं?"

"मी," हौसाबाई म्हणाली. "रेशनचा माणूस आल्ता न्हवं, माणसं किती म्हणून इचारत. आमच्यात जेवतंय, आमच्यात निजतंय, मग नाव नगं घालायला? त्याच्या वाटणीचं धान्य काय सरकारनं खायाचं?"

बिरनाळेंना आनंद लपवता आला नाही. ह्याआधी त्यांचं नाव कुठल्याच कार्डावर नव्हतं. मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मी येईन. पण उठणार नाही."

"तुमास्नी उठा कोण म्हणतंय?" मालन म्हणाली.

शुक्रवारी समोरच्या कारखान्यातले मागावरचे सहा गडी आले. त्यांनी खुर्ची धरली आणि एक, दोन, तीन म्हणून उचलली. खुर्ची आली. तिच्याबरोबर फरशीही आली. गोधडी मधोमध धरून उचलावी तशी सबंध घराची फरशी उचलली गेली, आणि तिच्यावर जे जे होतं ते सगळं आलं: शेगडी, हंडा, मशीन, देवाचा पाट आणि तांदूळ निवडत बसलेली हौसाबाई. भिंती आणि पत्रे तेवढे जागेवर राहिले. मालननं सवयीनं दाराला कुलूप लावलं.

घर बाजारपेठेतून निघालं. मालन पुढून चालत होती आणि लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण हंडा घासलेला नव्हता आणि सगळ्या गावाला तो दिसत होता. चौकातल्या पोलिसानं एस.टी. अडवून वाट करून दिली. एका म्हातारीनं फरशीला हात लावून नमस्कार केला. बिरनाळे ओळखीच्या कर्जदारांकडे पाहून मान हलवत होते, आणि कर्जदार दुकानांच्या आत सरकत होते.

कक्ष पहिल्या मजल्यावर होता. फरशी प्रत्येक पायरीवर शहाण्यासारखी वाकली. वर गेल्यावर गड्यांनी ती कचेरीत अंथरली. ती ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर बसली. शिपायानं साहेबांचं टेबल जरा उचलून धरलं, फरशी खालून सरकवली, आणि टेबल पुन्हा खाली ठेवलं. टेबलामागं अधिकारी नाडगौडा मॅडम बसल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं, कुणाच्या तरी घरात आपण चपला घालून बसलोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी चपला काढून शिपायाच्या हातात दिल्या.

हौसाबाईनं शेगडी पेटवून चहा टाकला.

"अर्जदाराचा चहा आम्हाला चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

"अर्जदार ती हाय. च्या मी केलाय."

मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि चहा घेतला. मग अर्ज वाचला. "अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. बिरनाळेंनी मान खाली घातली.

"घरात कमावतं कोण?"

"मी एकटीच," मालन म्हणाली.

"आणि हे?"

"हे वसुलीला आलेत."

"कार्डावर आहेत."

"ते आत्तींनी घातलंय."

"पगार?"

बिरनाळेंनी पगार सांगितला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मॅडमनी तो मालनच्या कमाईखाली मांडला, बेरीज केली आणि पेन्सिलीनं मर्यादेच्या बऱ्याच वर एक रेघ मारली. ह्या माणसाला इतके महिने भाकरी घातली ती हिशेबात कुठंच आली नव्हती, त्याचा पगार तेवढा आला होता.

तेवढ्यात बाहेर ताटकळलेले बाकीचे अर्जदार दारातून डोकावले. हौसाबाईला दारात उभं राहिलेलं माणूस बघवत नाही. "आत या की. बसा," ती म्हणाली. एक इस्त्रीवाला आत येऊन बसला. त्याच्यामागून एक अंडी विकणारी बाई आली. "बसा, बसा." बाई बसली. मॅडमनी मान वर केली, "हे कोण?" असं विचारलं, उत्तराची वाट न पाहता इस्त्रीवाल्याची कमाई विचारून मालनच्या बेरजेत मिळवली, मग अंडीवालीची मिळवली. लोक येतच राहिले. शिपाईही बसला. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि मालनचं उत्पन्न गावातल्या डॉक्टरच्या वर गेलं.

"आत्ती, बसा म्हणू नका!" मालन ओरडली.

"मग काय म्हणू?" हौसाबाईनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

मॅडमनी पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं. "नियम सरळ आहे," त्या म्हणाल्या. "वसुलीला आलेला माणूस उठून जातो. जो उठत नाही तो घरचा. ह्यांनी माझ्यासमोर उठून दाखवलं तर मी पगार खोडते. जेवणाच्या सुट्टीआधी काय ते ठरवा. सुट्टीनंतर कक्ष बंद. कायमचा."

मालन लोकांच्या मांड्या ओलांडत बिरनाळेंच्या खुर्चीपाशी गेली. अंडीवालीनं पाय आवरून तिला उकिडवं बसायला जागा केली.

"साहेब, ऐकलंत?"

"ऐकलं. रिकाम्या हातानं उठलो तर नोकरी जाईल, ताई."

"आणि न्हाई उठलासा तर माझी मशीन जाईल."

"हो. सोमवारी नऊला टेम्पो येईल."

बिरनाळेंच्या शर्टाची बाही उसवली होती. गेल्या आठवड्यात ती शिवायची राहून गेली होती. मालनला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं तिला रडायला येऊ लागलं.

"एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्या दिवशीच का उठला न्हाई? सगळे उठून जातात."

बिरनाळेंनी विचार केला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"कुणी उठा म्हटलंच नाही," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो. दुसऱ्या घरांत पाच मिनिटांत म्हणतात. शिव्या देऊन म्हणतात. तुमच्यात आधी बसा म्हणाल्या, मग चहा घ्या, मग जेवून घ्या, मग आता कुठं अंधारात जाता. उठा असं कुणी बोललंच नाही. मध्येच कसं उठायचं?"

मालनला आठवेना की आपण आयुष्यात कधी कुणाला तसं म्हटलंय. त्यांच्या गल्लीत घरी आलेल्या माणसाला उठा म्हणणं म्हणजे त्याच्या ताटावरून त्याला हाकलणं. भांडायला आलेल्या जावेलासुद्धा तिनं आधी पाट दिला होता. तिनं तोंड उघडलं.

"ब..." ती म्हणाली, आणि तिनं पटकन ओठ मिटले.

"घाई करा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डबा टेबलावर काढून ठेवला होता.

मालननं पुन्हा प्रयत्न केला. "च्या..." तोंडात तेच शब्द ओळीनं उभे होते, चहा, जेवण, पाणी, थांबा, आणि जो हवा तो सगळ्यांच्या मागं. हौसाबाई पदर तोंडाला लावून बघत होती. सून काय बोलायच्या तयारीत आहे हे तिला कळलं होतं. "मालन, न्हाई गं," ती पुटपुटली, "काय म्हणतील लोकं!"

मालननं मशीनकडं पाहिलं. अंडीवालीनं तिच्यावर आपली टोपली ठेवली होती. मग तिनं बिरनाळेंकडं पाहिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे, तिच्या तोंडाकडं बघत होते.

"उठा," मालन म्हणाली.

ते इतक्या मोठ्यानं आलं की खिडकीची तावदानं थरथरली. आपण सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं असं तिला वाटलं, आणि ती ढसाढसा रडायला लागली.

बिरनाळे उठले. गुडघ्यांचा आवाज झाला, पाठीचा झाला, आणि ते उभे राहिले. ते चांगलेच उंच निघाले. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. "येतो, आत्ती," ते म्हणाले. आणि मालनचं 'उठा' कुणा एकाचं नाव घेऊन आलेलं नव्हतं, त्यामुळं इस्त्रीवालाही उठला, अंडीवाली उठली, शिपाई उठला, सगळे मुकाट्यानं उठून बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मॅडमनी भराभर नावं खोडली. रेघ खाली आली, आणखी खाली आली, मर्यादेच्या खाली गेली.

"मंजूर," त्या म्हणाल्या. त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि वर उचलला.

तेव्हा फरशी सुटली. इतक्या माणसांचं वजन एकदम उतरलं होतं, आणि तिला ह्या कचेरीत काहीच काम नव्हतं. ती आधी हळू, मग बऱ्यापैकी वेगानं दाराकडं निघाली. शेगडी निघाली, हंडा निघाला, मशीन निघाली, हौसाबाई निघाली, आणि टेबलासकट नाडगौडा मॅडम निघाल्या, शिक्का वर धरलेल्या. टेबलावरून अर्ज उडाला. मालननं उडी मारून तो हवेत पकडला आणि व्हरांडाभर टेबलाच्या बाजूनं धावत सुटली.

"मारा, मॅडम!"

"स्थिर धरा!" मॅडम म्हणाल्या. "हललेला शिक्का चालत नाही!"

हौसाबाई देवाचा पाट पोटाशी धरून ओरडत होती. बिरनाळे नव्या पायांनी, अडखळत मागून येत होते. फरशीची कड जिन्यापाशी आली आणि पहिल्या पायरीवर वाकली. मालन टेबलाच्या पुढं झाली, मॅडमकडं तोंड करून उलटी उलटी जिना उतरू लागली, अर्ज दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरून, आणि वरून शिक्का खाली येत होता.