खिम्यातले निळे ठिपके

पडद्यावरच्या खिम्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक निळा ठिपका होता. कडा नेमक्या, एका बाजूला किंचित टोकदार. डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपणारा हा कॅमेरा बकऱ्याचं मांस लाल दाखवायचा, म्हशीचं निळं. सुकन्याने नांदेडच्या प्रयोगशाळेत तो दोन वर्षं खपून तयार केला होता. आज त्याच्या मते उदगीरहून आलेला प्रत्येक खिमा भेसळीचा होता.

"एखादा कसाई लबाड असेल," ती म्हणाली. "सगळे कसे असतील?"

म्हशीचं मांस असतं तर तेही खिम्याच्या यंत्रातून निघून धाग्यांसारखं पसरलं असतं. हे काहीतरी मऊ होतं, मागाहून सुरीने कापून घातलेलं. इतकं मऊ म्हणजे कलेजी असेल, म्हणून तिने बकऱ्याची कलेजी मागवली, तिचा पातळ काप कॅमेऱ्याखाली ठेवला. पडदा निळा झाला.

नमुने आणणारी ऋतुजा लोह्याची. ती हसायलाच लागली. "अगं, खिम्यात कलेजी टाकूनच घेतात की लोक. मला वाटलं, तुला ठाऊक हाय."

"मला कोण सांगणार?"

"कसायानंच विचारलं असतं, ताई, कलेजी टाकू का. मटणाचं यंत्र बनवून राहिलीस, अन् मटणाच्या दुकानाची पायरी चढली न्हाईस."

"नाही चढले," सुकन्या म्हणाली.

कारण ती दुकानं उदगीरला तिच्या वडिलांच्या किराणा दुकानापलीकडेच होती. घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. मुलगी भेसळ शोधते म्हटल्यावर वीरण्णांनी ती दुधातलीच धरली, आणि तिने तसंच चालू दिलं. पण खिम्यात काय काय पडतं हे तिने स्वतः पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याला शिकवता येणार नव्हतं, आणि न शिकवलेला कॅमेरा सरळ माणसांना लबाड ठरवत राहिला असता.

"मी जाते की परत," ऋतुजा म्हणाली.

"नको. यंत्र माझं आहे."

शनिवारी ती उदगीरला उतरली, ती थेट वडिलांच्या दुकानात गेली. कपाळावर विभूती लावलेले वीरण्णा शेजारच्या लक्ष्मीबाईंना तूरडाळ तोलून देत होते.

"आली का पोरगी?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आमच्या दूधवाल्याला धर गं एकदा. निस्तं पाणी घालून राहिलाय."

"धरंल की," वीरण्णा कौतुकाने म्हणाले. "दुधातलं पाणी हिच्यापासून लपतंय व्हय?"

सुकन्याने पिशवी खाली ठेवली.

"अप्पा, मी दूध तपासत नाही, मटण तपासते. आणि उद्या सकाळी पलीकडच्या मटणाच्या दुकानांत मी स्वतः उभी राहणार आहे."